कंपासपेटीतले अक्षर



लोणावळा स्थानकाच्या पाटीवरचा 'ळ' तुम्ही कधी निरखून पाहिला आहे का? आपली देवनागरी बोरूने घडवली. म्हणून तिची रेघ कुठे जाड, कुठे बारीक. १९२७ साली जर्मनीत पाउल रेनर यांचा 'फ्युचुरा' हा टाइप आला. त्यातला 'ओ' जणू कंपासने काढलेला, रेघ जवळजवळ एकाच जाडीची, टोकांना शेपट्या नाहीत.

रोमन लिपीला हे मानवले. आपल्याकडे 'ळ'चे दोन डोळे शिरोरेषेखाली शेजारी बसवायचे, शिवाय मात्रा, जोडाक्षरे! रेघ एकसारखी जाड ठेवली तर 'क्ष', 'द्ध' गच्च भरून जातात; तिथे ती हळूच बारीक करावी लागते. २०१४ साली इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'पॉपिन्स'ने हे साधले. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. तो मोफत मिळतो.

दुकानाच्या पाटीला, मथळ्याला हे वळण उत्तम. पानभर धड्याला मात्र मी ते घेणार नाही. सारखे गोल वाचून डोळा दमतो. (उर्दूच्या नस्तालीकपुढे तर कंपास हातच टेकतो.)

पालकांनो, मुलगा किंवा मुलगी वहीच्या कडेला अक्षरे गिरवत बसली तर रागावू नका. घरात उर्दू, शाळेत मराठी असलेल्या मुलांच्या हाताला दोन वळणे आधीच ठाऊक असतात. र. कृ. जोशी यांनी पवईच्या आय. आय. टी.त हीच विद्या शिकवली. ती तिथे आजही शिकवतात, आणि तिच्यावर घर चालते.