आयर्विनला किती फूट?

श्रावणात सांगलीत दोन माणसं भेटली की तब्येतीच्या आधी चौकशी होते ती पुलाची. "आयर्विनला किती फूट?" कृष्णेवरच्या या 1929 सालच्या पुलापाशी पाणी मोजायचे आकडे आहेत. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. पुलावरून जाता जाता नजर तिकडे वळते, आणि माणूस आपल्या कामाला लागतो.

काम न थांबवता, नजरेच्या कडेनं कळणारी माहिती, हा संगणकशास्त्रातला अभ्यासाचा विषय आहे. अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातले मार्क वायझर म्हणत, संगणक सगळीकडे असावा, पण त्यानं सारखं लक्ष मागू नये. तिथंच नॅटली जेरेमिजेन्को या कलावतीनं छताला प्लास्टिकची लांब तार टांगली होती. कचेरीच्या नेटवर्कवर वर्दळ वाढली की मोटर ती तार गरगरा फिरवायची. पडद्याकडे न बघताही वर्दळ कळायची.

अशा वस्तूची परीक्षा घ्यायची कशी, हा खरा पेच. प्रयोगशाळेत माणसाला बसवून "हे बघा" म्हटलं, की तो टक लावून बघणार. मग कडेची नजर उरलीच कुठं? 2003 साली जेनिफर मॅनकॉफ आणि सहकाऱ्यांनी यासाठी काही निकष मांडले. त्यातला एक असा, की गरज पडली तर अधिक तपशिलाकडे सहज जाता यावं.

इथं आपला आयर्विन नापास होतो. आजचा फूट कळतो, उद्याचा नाही. तो बराचसा साताऱ्याकडं ठरतो. पाटण तालुक्यातलं कोयना धरण 105 टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्याचं. तिथून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिसळतं आणि मग सांगलीत येतं. 2019 मध्ये इथं पातळी 57 फुटांवर गेली होती. मोबाईलवर विसर्गाचे आकडे येतात, पण त्यांच्या मागोमाग अफवाही येतात.

माझ्या मते चौकात एक दिवा असावा, कोयनेच्या विसर्गाप्रमाणे रंग बदलणारा. त्याची पारख मात्र तासाभरात होणार नाही. पावसाळाभर अधूनमधून, आगाऊ न सांगता, भाजीवालीला आणि रिक्षावाल्याला विचारावं, "आज दिवा कुठल्या रंगाचा होता?" महापुरात वीज जाते आणि दिवाही विझतो, म्हणून पुलापाशीच्या आकड्यांना दर मे महिन्यात नवा रंग द्यायला हवाच.