बोअरचे पाणी तपासायला न्यायचे कसे?



आज एका बाटलीविषयी बोलायचे आहे. बोअर पाडायला आपण पैसा ओततो. पाणाड्याला विचारतो, गाडी बोलावतो, केसिंग टाकतो, मोटार बसवतो. पण पाणी तपासून घ्यायची वेळ आली की घरात सापडेल ती बाटली उचलतो, मोटार चालू करून पहिल्याच धारेखाली धरतो आणि देतो पाठवून! प्रयोगशाळा काय, बाटलीत जे असेल तेच सांगणार. बाटली चुकली तर चांगले पाणी वाईट ठरते, नाहीतर खारट पाणी चांगले ठरून वर्षानुवर्षे जमिनीत मुरत राहते. दोन्हीकडे नुकसान आपलेच.

याचे महत्त्व समजायला जरा माहुल गावाकडे पाहू. मुंबईत चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या काठी हे जुने कोळी वस्तीचे गाव. समोर चिखलाची दलदल आणि तिवरांची झाडे. १९५४-५५ पासून शेजारी तेल शुद्ध करण्याचे मोठे कारखाने उभे राहिले. तिथल्या हवेतील वायूंबद्दल रहिवाशांनी दाद मागितली आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली त्यावर निकाल दिला. हवेचा वास नाकाला कळतो हो, पण जमिनीखालच्या पाण्याचे काय? अशा जागी बोअर घेतली तर पाण्यात खाडीचे मीठ येऊ शकते, वस्तीचे सांडपाणी येऊ शकते, जमिनीत झिरपलेले तेल किंवा रसायनही येऊ शकते. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसेल, आणि तरी यातले काहीतरी त्यात असेल. नीट घेतलेला नमुना हाच त्याचा साक्षीदार.

तुमचे गाव माहुलपासून शंभर कोस दूर असेल. तरी ही गोष्ट तुमचीच आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात समुद्र नाही, पण भूजल खारे आहे. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे, ते चवीला कळत नाही. आणि जिथे रासायनिक खत जास्त पडते, शेणखताचे उकिरडे विहिरीला लागून असतात, तिथे नायट्रेट उतरते.

पहिली धार का घ्यायची नाही?

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र मांजऱ्या खडकात. बोअरच्या नळीत उभे असलेले पाणी म्हणजे या झऱ्यांचे ताजे पाणी नव्हे. ते कित्येक दिवस तिथे थांबलेले असते. त्याला केसिंगचा गंज लागतो, वरून हवा लागते, क्षार खाली बसतात. आपल्याला तपासायचे आहे खडकातले पाणी, नळीतले नाही. म्हणून आधी नळीतले पाणी निदान तीन वेळा बदलून टाकायचे.

हिशोब सोपा आहे. सहा इंची बोअरमध्ये एक फूट उंचीत सुमारे साडेपाच लिटर पाणी मावते. समजा, बोअर २०० फूट खोल आहे आणि पाणी ८० फुटांवर लागते. म्हणजे नळीत १२० फूट पाणी उभे आहे, सुमारे ६६० लिटर. त्याच्या तिप्पट म्हणजे जवळजवळ दोन हजार लिटर. आता १५ लिटरची बादली धारेखाली धरा. ती १५ सेकंदांत भरली तर मोटार सेकंदाला एक लिटर पाणी देते. दोन हजार लिटर काढायला अर्ध्या तासाहून थोडे जास्त लागेल. तेवढा वेळ मोटार चालू द्या, पाणी पाटाने पिकाला जाऊ द्या, वाया घालवू नका. मग बाटली भरा.

बोअर कमी पाण्याची असेल आणि मधेच कोरडी पडत असेल तर एकदा पूर्ण उपसून घ्या. पाणी पुन्हा चढले की नमुना घ्या. नवीन बोअर असेल तर दगडाची भुकटी आणि गढूळपणा जाऊन पाणी नितळ येईपर्यंत थांबा. ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर तिचा वास पुरता गेल्याशिवाय नमुना घेऊ नका.

बाटली कशी असावी?

एक लिटरची, घट्ट बुचाची, स्वच्छ प्लास्टिकची. तेलाची, रॉकेलची, कीटकनाशकाची बाटली कितीही धुतली तरी चालणार नाही, बरं का! ज्या बोअरचे पाणी घ्यायचे त्याच पाण्याने ती तीनदा विसळा. बोअरच्या जितके जवळ जमेल तिथे धरा. हौदातून, टाकीतून किंवा ठिबकच्या फिल्टरनंतर घेऊ नका. बाटली काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका. सोड्याची बाटली उघडली की फसफसून वायू निघून जातो ना? तसाच जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेला वायू वर आल्यावर निसटतो आणि पाण्याचा सामू बदलतो. वर येताच तांबूस होणारे पाणी तुम्ही पाहिले असेल. त्यातले लोह हवा लागताच गंजते, हे त्याचे कारण.

तेल शोधणारेही हीच काळजी घेतात. मुंबई हायच्या समुद्रात १९७४ साली तेल लागले, आणि तिथले तेल माहुलच्या कारखान्यांत शुद्ध होते. अशा तेलविहिरींत तळाशीच मिटणारे भांडे सोडून नमुना घेतात, म्हणजे तिथला वायू आणि दाब जसाच्या तसा वर येतो. आपल्याला तेवढे यंत्र नको. काठोकाठ भरलेली बाटली आणि घट्ट बूच पुरे.

पिण्याच्या पाण्यातले जंतू तपासायचे असतील तर बाटली घरची नको. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणा, ती विसळू नका, थोडी जागा रिकामी ठेवा आणि बर्फात घालून त्याच दिवशी पोहोचवा. तेलाची किंवा रसायनाची शंका असेल तर चव घेऊन पाहू नका. प्रयोगशाळेकडून काचेची खास बाटली आणि सूचना घ्या.

नमुना केव्हा घ्यावा?

वर्षातून दोनदा: मे अखेर, पाणी खोल गेलेले असताना, आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी आणखी एक करावे. एकाच दिवशी दोन बाटल्या भराव्यात, एक वर सांगितल्याप्रमाणे आणि दुसरी तीन-चार तास उपसा झाल्यावर. दुसरीत क्षार वाढलेले निघाले तर समजा, आपली मोटार खालचे खारे पाणी ओढू लागली आहे. गोडे पाणी हलके म्हणून खाऱ्यावर तरंगते. वरचे गोडे पाणी थोडे उपसले तरी खालचे खारे बरेच वर चढते. मग उपाय एकच: थोडा-थोडा उपसा करा, खोल बोअरच्या मागे लागू नका.

उत्तर आल्यावर काय पाहावे?

प्रथम विद्युत वाहकता पाहा. ०.७५ डेसीसायमनपर्यंत पाणी बहुतेक पिकांना चालते. ०.७५ ते २.२५ पर्यंत निचरा चांगला हवा आणि पीक निवडून घ्यावे. घेवडा, कांदा, गाजर मीठ सोसत नाहीत, कापूस जास्त सोसतो. त्यापुढचे पाणी नेहमीच्या ओलिताला नको. मग सोडियमविषयीचा शेरा वाचा. सोडियमने जमीन चिकट आणि टणक होते. जिप्सम किती घालायचे ते तज्ज्ञाला विचारून ठरवा. पिण्यासाठी नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम आणि फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर असू नये.

तपासणीसाठी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे किंवा कृषी विद्यापीठाकडे विचारणा करा. कोकणातल्या खाऱ्या जमिनीसाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने भाताच्या खास जाती काढल्या आहेत, त्यांचीही चौकशी करा.

ध्यानात ठेवा

१. नळीतले पाणी तीनदा बदला, मगच बाटली भरा.
२. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा.
३. चिठ्ठीवर नाव, गाव, गट नंबर, बोअरची खोली, पीक, तारीख आणि वेळ लिहा.
४. सावलीत ठेवा, शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत पोहोचवा.
५. उत्तराचा कागद जपून ठेवा. पुढच्या वर्षी ताडून पाहता येईल.

एक अर्धा तास आणि एक स्वच्छ बाटली, एवढाच हा खर्च. बिघडलेली जमीन सुधारायला मात्र वर्षे जातात.