टेबलाच्या खणातला कागद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षं इतिहास शिकवला. आज मी तुम्हाला एक आमंत्रण द्यायला आलो आहे. पण त्याआधी एक कबुली द्यायला हवी.

माझ्या वर्गात दिघीकडची एक मुलगी होती. सकाळी लाँचने खाडी ओलांडून आगरदांड्याला यायची आणि तिथून एस.टी. पकडायची. पावसाळ्यात लाँच बंद असली की तिची गैरहजेरी ठरलेली. वडील मासेमारी करायचे. एकदा तास संपल्यावर तिनं मला विचारलं, "सर, आमच्याकडे मासळी कमी का झाली, हे कुठल्या विषयात शिकवतात?" मी म्हणालो, "बघून सांगतो." बघायचं राहून गेलं. दुसऱ्या वर्षी तिनं कॉलेज सोडलं.

त्याच सुमारास स्टाफरूममध्ये एक छापील कागद फिरला. विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यासाठी सूचना हव्या होत्या. आपल्या भागात कोणते अभ्यासक्रम हवेत, कुठे सोय नाही, असे साधे प्रश्न होते. मी तो कागद "सवडीनं भरू" म्हणून टेबलाच्या खणात ठेवला. निवृत्त होताना खण रिकामा केला, तेव्हा तो तसाच कोरा निघाला. त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर मागायची जागा माझ्या हातात होती, आणि मी ती खणात ठेवून दिली होती!

आता हा बृहत् आराखडा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ चा आहे आणि तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम १०७ प्रमाणे प्रत्येक विद्यापीठाला दर पाच वर्षांसाठी असा आराखडा करावा लागतो. उच्च शिक्षणाच्या सोयी सगळ्या भागांत सारख्या पोहोचाव्यात, आणि जिथं त्या नाहीत अशा मागास भागांचा विचार आधी व्हावा, असं कायदाच सांगतो. नवं महाविद्यालय कुठं निघू शकेल, हे या आराखड्यावर ठरतं. त्यात आपल्या गावाची गरज नोंदलेली नसेल, तर पुढं अर्ज करूनही उपयोग होत नाही.

आपला जिल्हा मुंबई विद्यापीठात येतो. १८५७ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ आज मुंबई शहर आणि उपनगरापासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गपर्यंत सात जिल्हे सांभाळतं. एवढ्या पसाऱ्यात फोर्टातल्या किंवा कलिन्यातल्या माणसाला आगरदांड्याची लाँच कधी बंद असते, हे कसं कळणार? ते आपणच सांगायला हवं.

कुणी म्हणेल, "सांगून काय होणार? ठरवणारे ठरवून मोकळे होतात." मलाही तसंच वाटायचं. म्हणून इतिहासाच्या माणसानं इतिहासातलीच एक गोष्ट सांगावी, हे बरं.

शंभर वर्षांपूर्वी, १९२४ साली, याच विद्यापीठाचं पुढं काय करायचं हे ठरवण्यासाठी सरकारनं एक समिती नेमली. अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड. समितीनं एक लांबलचक प्रश्नावली काढली आणि ती जाणकारांकडे पाठवली. उत्तरं देणाऱ्यांत एक तरुण बॅरिस्टर होते. वय तेहतीस. वर्षभरापूर्वीच लंडनहून परतलेले, मुंबईत वकिलीचा जम बसवण्याच्या खटपटीत असलेले. ते होते डॉ. भीमराव आंबेडकर. त्यांनीही तो कागद सवडीवर टाकला असता, तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी सविस्तर लेखी उत्तरं दिली. विद्यापीठानं नुसत्या परीक्षा घेऊ नयेत, स्वतः शिकवावं, संशोधन करावं. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती कोंबण्यापेक्षा त्याची स्वतःची विचारशक्ती जागी करावी, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यानंतर तीन वर्षांनी ते आपल्या जिल्ह्यात, महाडला आले. चवदार तळ्याची हकिकत तुम्हाला ठाऊक आहे, पण तिचा एक धागा इथं धरायचा आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनंही पाठोपाठ तळं खुलं असल्याचं ठरवलं होतं. म्हणजे कागदावर तळं खुलं होतं. प्रत्यक्षात तिथं अस्पृश्य मानलेल्या माणसाला ओंजळभर पाणी घेता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसह हजारो माणसं चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्याची किंमतही त्यांनी त्याच दिवशी मार खाऊन मोजली.

आणि त्याच वर्षी, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये, बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात विद्यापीठाच्या सुधारणा विधेयकावर बोलायला उभे राहिले. मागासवर्गीयांना सिनेटमध्ये जागा हवी, हे त्यांनी तिथं मांडलं. पाण्याचा हक्क आणि विद्यापीठात बोलण्याचा हक्क, दोन्हींसाठी एकाच वर्षात झगडणारा हा माणूस होता. त्यांचं सगळं ऐकलं गेलं का? नाही. पण त्यांनी लिहून दिलेलं राहिलं. महाराष्ट्र शासनानं प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथावलीत ते आजही वाचायला मिळतं. न लिहिलेलं मात्र कुणाला सापडत नाही.

आपल्याला तर लाठ्याही खायच्या नाहीत. एक कागद भरायचा आहे.

काय लिहायचं त्यात? आपल्या अंगणातलंच लिहा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. पोफळ पुन्हा उभी राहून धरायला वर्षं लागतात. तोवर बागायतदारानं काय करावं, हा अभ्यासाचा विषय नाही का? खारभूमीचे बांध फुटतात, शेतात खारं पाणी शिरतं, हा नाही का? मत्स्यशास्त्राचं महाविद्यालय आहे ते रत्नागिरीजवळ शिरगावला, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. खाडीपलीकडच्या मुलीला ते किती लांब पडतं! मोठं महाविद्यालय जमत नसेल, तर आहे त्या महाविद्यालयात मासेमारीचा एखादा अभ्यासक्रम, मुलींसाठी एक वसतिगृह, एस.टी.च्या वेळा पाहून लावलेले तास, एवढं तरी मागता येईल.

आणि हे फक्त प्राध्यापकांनी लिहायचं नाही. मासळी बाजारात बसणाऱ्या कोळणीनं सांगावं, वाडीवाल्यानं सांगावं. मुलीला बारावीनंतर घरी बसवावं लागलं त्या आईबापांनी तर आधी सांगावं. जे पदवीधर आहेत त्यांनी आणखी एक करावं. सिनेटमध्ये नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई विद्यापीठाची ही निवडणूक झाली, तेव्हा सात जिल्ह्यांत मिळून नोंदलेले मतदार तेरा हजारांच्या आसपास होते. या विद्यापीठाचे पदवीधर काही लाखांत मोजावे लागतील. मग बाकीचे गेले कुठे? माझ्यासारखेच, कागद खणात ठेवून बसले.

सध्याचा आराखडा २०२४ ते २०२९ या पाच वर्षांचा आहे. पुढच्याची तयारी त्याआधीच सुरू होईल. सूचना मागवल्याची बातमी येईल तेव्हा "हे आपलं नव्हे" म्हणून पान उलटू नका. आमच्या गावच्या वाचनालयात मी आत्तापासून एक वही ठेवली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्यात आपली गरज लिहायची. वेळ येईल तेव्हा ती सगळी उतरवून पाठवायची जबाबदारी माझी. तुमच्या गावातही अशी एक वही ठेवता येईल.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर मी त्या मुलीचा प्रश्न लिहिला आहे. मासळी कमी का झाली, हे कुठल्या विषयात शिकवतात? उशीर झाला खरा. तिच्या लेकीसाठी तरी उत्तर वेळेत यावं.