विजेच्या गाडीची वैरण कुठे?

(पनवेल येथील शिबिरात कापूस-ज्वारी पट्ट्यातून आलेल्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून तुम्ही पनवेलला आलात. येताना रस्त्यावर हिरव्या नंबरपाटीच्या गाड्या पाहिल्या असतील. कालपासून मला एकच प्रश्न विचारला जातो आहे : "भाऊ, विजेची गाडी घ्यावी का?" दावणीला नवे जनावर बांधताना शेतकरी पहिल्यांदा काय विचारतो? हे खाणार किती, आणि वैरण कुठून आणायची? गाडीलाही तेच विचारू.

पनवेल हे जुने बंदर. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला. देशावरचा माल घाट उतरून इथे यायचा आणि गलबतांतून मुंबईला जायचा. आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूसही बैलांच्या पाठीवर शेकडो मैल चालत कोकणच्या बंदरांना लागायचा. तांड्याचा मुक्काम कुठे पडे? जिथे पाणी आणि वैरण असेल तिथे. बैलाच्या पोटावरून वाट ठरत असे. आणि ती वैरण म्हणजे आपल्याच ज्वारीचा कडबा. इंधन आपल्या रानात पिकत होते. डिझेल आले आणि ते आपल्या हातातून गेले.

आता विजेच्या गाडीची वैरण पाहा. शेजारच्या कळंबोलीहून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुरू होतो. राज्य सरकारच्या २०२५ च्या धोरणात या रस्त्यावर, समृद्धी महामार्गावर आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी आहे. राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचे ठरले आहे. चांगली गोष्ट आहे. पण महामार्ग सोडून आपल्या गावाकडे वळले, की पुढची वैरण कुठे? घरी. म्हणजे गावठाणच्या तारेवर.

आधी स्कूटरचा हिशेब मांडू. तीन युनिटची बॅटरी भरायला साधारण साडेतीन युनिट वीज लागते आणि गाडी ८० ते ९० किलोमीटर जाते. युनिट दहा रुपयांचे धरले तरी खर्च पस्तीस रुपये. तेवढ्याच वाटेला पेट्रोलच्या गाडीचे दोन लिटर म्हणजे दोनशे रुपये लागतात. तालुक्याला जाऊन रात्री घरी येणाऱ्याला हा व्यवहार परवडतो. मात्र दोन गोष्टी कानात ठेवा. बॅटरी बदलायची वेळ आली, तर साठवलेल्या पैशाचा मोठा वाटा त्यात जातो. म्हणून वॉरंटीचा कागद गाडीइतकाच तपासून घ्या. आणि बॅटरीला उन्हाचा जाच होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा गाडी पत्र्याखाली तापवू नका, झाडाच्या सावलीत लावा.

मोटारीचे तसे नाही. तिची बॅटरी तीस युनिटची. घरच्या लहान चार्जरने ती भरायला नऊ-दहा तास लागतात. गावात सलग दहा तास पूर्ण दाबाची वीज किती रात्री असते, हे तुम्हीच सांगा. दाब पडला की चार्जर बंद, पहाटे दवाखान्यात जायचे तर गाडी अर्धपोटी. महिन्याचे युनिट वाढले की घरच्या बिलाचा दरही वरच्या टप्प्यात जातो. कोणी म्हणेल, शेतातल्या मोटरपंपाच्या जोडणीवर लावू, ती वीज सध्या फुकट आहे. असे करू नका. ती वीज पंपासाठी आहे. दुसऱ्या कामाला वापरली तर २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ कलमाखाली दंडाचे बिल येते.

मग ही गाडी शहरवाल्यांचीच का? नाही. १ जून २०२२ रोजी एसटीची विजेवरची शिवाई पुणे-नगर मार्गावर सुरू झाली. ती का चालते? वाट ठरलेली, अंतर ठरलेले, आगारात वैरण ठरलेली. आपलीही अशी ठरलेली वाट आहे : गाव ते जिनिंग आणि गाव ते बाजार समिती. हंगामात कापसाची गाडी खरेदी केंद्राच्या रांगेत तासन् तास उभी राहते. तो वेळ आज वाया जातो. त्याच आवारात चार्जर असेल, तर माल उतरेपर्यंत गाडीचे पोट भरेल. चार्जिंग केंद्र काढायला परवाना लागत नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्येच हे स्पष्ट केले आहे. बाजार समिती काढू शकते, शेतकऱ्यांची कंपनी काढू शकते, बचतगटही काढू शकतो. अडते ते रोहित्रावर आणि वीजजोडणीवर.

आणखी एक गोष्ट. अनेकांच्या रानात आता सौरपंप आहेत. कोरडवाहू विहीर मार्चमध्ये तळ गाठते. म्हणजे ऊन सर्वांत कडक असते, नेमके तेव्हा ते पॅनेल रिकामे तळपत असते. त्यावर कडबाकुट्टी आणि पिठाची गिरणी चालवता येईल असा नियंत्रक केंद्राच्या कुसुम योजनेत मान्य आहे. मग त्याच उन्हावर बॅटरी का भरू नये? स्वतः तारा जोडून प्रयोग करू नका, पंपाचा करार मोडेल आणि जीवही जाईल. ही सोय पंपासोबत रीतसर मिळावी, अशी मागणी करा.

तेव्हा जिल्ह्याच्या बैठकीत गाडीवर किती अनुदान मिळेल ही चर्चा करू नका. तीन ठराव घ्या. गावठाणला रात्री पूर्ण दाबाची वीज. बाजार समिती आणि खरेदी केंद्राच्या आवारात चार्जर. सौरपंपाची रिकामी वीज वापरायची मुभा. हे झाले तर गाडी घ्यायची की नाही, हे ज्याचे त्याला ठरवता येईल. हे न होता घेतलेली गाडी म्हणजे दुष्काळात विकत घेतलेला बैल. जनावर उमदे असेल, पण दावणीत वैरण नाही.

कडब्याच्या काळात इंधन आपल्या रानात होते. उन्हाच्या रूपाने ते पुन्हा आपल्याच रानात उभे आहे. या वेळी ते दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचे नाही, एवढे ठरवून घरी जा.