सही आधी की तिकीट आधी?
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



आपल्या इंदुरात मराठी चित्रपटांना थिएटर मिळावे, असे निवेदन आज सह्यांसाठी ठेवले आहे. सही करण्यापूर्वी पुण्यातल्या एका थिएटरची हकिकत सांगतो. तिचा धागा इंदूरशी जुळलेला आहे.

पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातले 'किबे लक्ष्मी थिएटर' हे इंदूरच्या सरदार किबे यांचे. कोल्हापुरात 1929 साली निघालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्यास आली. तिने हे थिएटर भाडेपट्ट्याने घेतले आणि 1934 साली 'अमृतमंथन'ने त्याचा पडदा उघडला. लोक त्याला 'प्रभात' म्हणू लागले. पुढे कंपनी बंद पडली. तिच्या स्टुडिओत 1960 साली सरकारची फिल्म संस्था आली. थिएटर मात्र दामले कुटुंबाने चालू ठेवले. मराठी चित्रपटांचे ते हक्काचे घर झाले. 1991 च्या 'माहेरची साडी'साठी तर तिथे घरेच्या घरे लोटली.

डिसेंबर 2014 मध्ये करार संपला, वास्तू किबे कुटुंबाकडे परत गेली आणि पुढे मूळ नावाने थिएटर पुन्हा सुरू झाले.

आम्ही पडलो बँकेतले कारकून. हिशेबाच्या भाषेतच बोलणार. इमारत किब्यांची, व्यवस्था दामल्यांची. पण ऐंशी वर्षे 'प्रभात' उभे राहिले ते खिडकीवर तिकीट काढणाऱ्यांच्या जिवावर. ताळेबंदात त्यांचे नाव कुठेच नसते.

आता आपले पाहू. मागे आपल्या शहरात एक मराठी चित्रपट लागला होता. सकाळचा एकच खेळ. आम्ही रविवारी जाऊ म्हणालो, आणि शुक्रवारी लागलेला चित्रपट रविवारी उतरला होता. आम्ही तावातावाने व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे तिकीटविक्रीची वही पुढे केली. शनिवारी अकरा तिकिटे! आम्ही मान खाली घालून परतलो.

अकरा तिकिटांच्या पाठीमागे पाचशे सह्या जोडल्या, तरी कोणता थिएटरवाला ऐकेल? आणि कोणता आमदार आपली दखल घेईल?

म्हणून विनंती आहे, निवेदन महिनाभर थांबवावे. मंडळाने पुढील मराठी चित्रपटाची शंभर तिकिटे आधी पैसे भरून घ्यावीत. आमच्या घरची पाच आजच लिहा. तो खेळ भरला, की त्याच प्रेक्षकांच्या सह्या घेऊन आपण सगळे मिळून जाऊ.