वैशाखांतल्या तक्रारी



वैशाख हा बागेचा परीक्षक आहे. श्रावणांत कोणाचीहि बाग साजरी दिसते. त्यांत माळ्याचें कर्तृत्व थोडें आणि पावसाचें अधिक. पण पुण्यासारख्या ठिकाणीं पारा चाळीस अंशांपाशीं जाऊं लागला, कीं कुंडीकुंडीचा निकाल लागतो. गच्चीवर आणि अंगणांत चार झाडें राखणारा एक गृहस्थ या नात्यानें, बागकामांतील नव्या टुमांविषयीं माझ्या कांहीं तक्रारी आज आपणांपुढें मांडतों.

पहिली तक्रार हिरवळीची. इंग्लंडांत हिरवळीला बहुतेक पाणी आकाशच घालतें. येथें तें काम नळाला, आणि नळ आटला कीं टँकरला करावें लागतें. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यांत रोज पांच मिलिमीटर पाणी द्यावयाचें म्हटलें, तर १०० चौरस मीटरांच्या तुकड्याला ५०० लिटर लागतात. शहरांत माणशीं दररोज १३५ लिटर हें पाणीपुरवठ्याचें प्रमाण धरलें, तर जवळजवळ चार माणसांचें पाणी तें गवत पिऊन टाकतें. ज्या वसाहतींत नळ सकाळीं तासभरच येतो, तिच्याच दारांत अशी हिरवळ पाहिली, कीं डोळे निवण्याऐवजीं जळजळतात.

दुसरी तक्रार मातीविषयीं. हात मळूं नयेत म्हणून हल्लीं नारळाच्या काथ्याचा भुसा विटेच्या आकारांत विकत मिळतो. वस्तु चांगली आहे. मातींत मिसळली तर ओल धरते. परंतु नुसत्या भुशावर झाडाचें पोट भरत नाहीं; आणि एकदां का तो कडकडीत वाळला, कीं आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतो व घातलेलें पाणी बाजूनें निघून जातें. आपणांस पाणी घातल्याचें समाधान, आणि मुळें मात्र तहानलेलीं! ज्या पाचोळ्यानें माती झांकून ओल राखावी, तो मात्र झाडून पेटवला जातो. घरचें खत जाळावें आणि दुकानांतून खताची पिशवी आणावी, हें अर्थशास्त्र मला अद्याप उलगडलेलें नाहीं.

तिसरी तक्रार अधिक गंभीर आहे. मोबाइलवरच्या चित्रांत पाहिलेलें झाड आपल्या दारांत हवेंच, असा हट्ट वाढला आहे. भूमध्य समुद्राकांठचें लव्हेंडर मुंबईच्या दमट पावसाळ्यांत कुजून जातें. पण तें बिचारें एकटेंच मरतें. जीं मरत नाहींत, त्यांचें काय? घाणेरी अमेरिका खंडांतून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेसाठीं आणली गेली. आज ती देशभर रानोमाळ पसरली आहे, आणि तिच्या जाळीखालीं गवत उगवेनासें झालें आहे. जलपर्णीहि अशीच, सुंदर फुलांची दक्षिण अमेरिकेंतली पाहुणी. उन्हाळ्यांत पवना नदीचें पाणी तिच्याखालीं दिसेनासें होतें. अलीकडे कोनोकार्पसची झपाट्यानें वाढणारी हिरवी भिंत रस्तोरस्तीं उभी राहिली. २०२३ सालीं गुजरात सरकारला त्याच्या लागवडीस बंदी घालावी लागली. कुंपणाच्या आंत केलेली हौस अशी कुंपण ओलांडते, आणि तिची किंमत रानाला व नदीला मोजावी लागते.

परकें झाड म्हणजे शत्रु, असें माझें म्हणणें नाहीं. मिरची बाहेरूनच आली, आणि गुलमोहर तर मादागास्करचा. प्रश्न जातकुळीचा नसून वागणुकीचा आहे.

मग लावावें तरी काय? मोगरा ऐन उन्हाळ्यांत फुलतो. बहावा पानें गाळून सोन्याचीं झुंबरें टांगतो. कण्हेर आणि कोरफड मोजक्या पाण्यावर तग धरतात. कढीलिंबाला तांदूळ धुतलेलें पाणीहि चालतें. रोप घेण्यापूर्वीं एवढेंच स्वतःला विचारावें, कीं वैशाखांत याला पाणी कोठून देणार, आणि तें कोणाच्या वाट्याचें असेल? उत्तर देतांना मान खालीं घालावी लागली नाहीं, तर तें झाड खुशाल लावावें.