ऐकणारी आई

माझी लेक कॉलेजात पहिल्या वर्षाला बायोटेक आणि पर्यावरण, दोन्ही विषयांत नापास झाली. म्हणाली, "आई, शिक्षण सोडते."

मी सातवी शिकलेली. तिला रानात नेलं, हरभऱ्याचं रोप उपटलं. "मुळावरच्या ह्या गाठी कशाच्या गं?"

ती सांगू लागली, "गाठीत रायझोबियम जिवाणू राहतात. हवेतला नायट्रोजन पिकाला देतात, पीक त्यांना साखर देतं."

मग विरजण, मग शेणखताचा खड्डा. रोज रात्री पुस्तक मिटून मला समजावायची. अडखळली की तेवढंच पुन्हा वाचायची.

फेरपरीक्षेत दोन्ही विषय सुटले. बायांनो, शिकवता येत नसलं तरी लेकीचं ऐकता येतं. आज रात्री तिला विचारा, काय शिकलीस?